गल्ला भरतो, मग पैसे जातात कुठे? एका पोळी-भाजी केंद्राचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा हिशोबाचा आहे, पण कंटाळवाणा नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुणाचं ना कुणाचं दुकान असेल. किराणा, झेरॉक्स, टेलरिंग, केक, खानावळ, काहीही. आणि त्या घरात एक वाक्य नक्की ऐकू येत असणार : "धंदा होतो, पण हाताला काही लागत नाही."

हे वाक्य ऐकलं की आपण लगेच सल्ले द्यायला लागतो. इन्स्टावर टाका, भाव वाढवा, माणूस कमी करा, ॲपवर या. आणि गंमत म्हणजे यातला प्रत्येक सल्ला कुठेतरी बरोबर असतो. फक्त या दुकानाला तो लागू आहे का, हे कुणी बघितलेलं नसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादं ॲप हळू चालायला लागलं की पहिला नियम असा : अंदाजाने कोड बदलायचा नाही. आधी मोजायचं. कुठल्या भागात किती वेळ जातोय ते बघायचं आणि मग हात लावायचा. कारण ज्या भागावर आपला संशय असतो, तो बऱ्याचदा निर्दोष निघतो. हाच नियम मी माझ्या मावशीच्या पोळी-भाजी केंद्राला लावला. आज तेच सांगणार आहे. मावशीने परवानगी दिलीय, फक्त "नाव-पत्ता सांगू नकोस" म्हणाली. म्हणून पुण्यातलं एक केंद्र, एवढंच समजा. आकडे मी गोल केलेत आणि जीएसटी बाजूला काढून सांगतेय.

हे जीएसटीचं आधीच सांगून टाकते. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी हा आपला पैसा नसतो, तो सरकारचा. पण गल्ल्यात तो आपल्याच पैशांत मिसळतो आणि विक्री फुगलेली दिसते. त्यामुळे हिशोबाला बसलात की तो पहिल्यांदा वेगळा काढा.

प्रश्न काय होता?

जागेचा करार संपत आला होता. भाडं ३२ हजार, मालकाला हवे होते ३६ हजार. करार पुन्हा करायचा की केंद्र बंद करायचं, हे महिनाभरात ठरवायचं होतं. काकांचं मत बंद करण्याकडे झुकलं होतं. तिथे तीन बायका पोळ्या करतात, एक भाजीचा आचारी आहे, एक डबे पोचवणारा मुलगा आणि एक भांडी घासणाऱ्या ताई. म्हणजे निर्णय फक्त मावशी-काकांचा नव्हता, सहा घरांचा होता.

महिन्याचं चित्र असं होतं. काउंटरवरची विक्री १ लाख ६० हजार. मासिक डबे ४०, प्रत्येकी २६०० रुपये, म्हणजे १ लाख ४ हजार. ॲपवरून ८० हजार. आणि एका ऑफिसला रोज ३० ताटं जायची, त्याचे ५९ हजार. एकूण ४ लाख ३ हजार.

खर्च : कच्चा माल १ लाख ९५ हजार, पगार ८५ हजार, भाडं ३२, गॅस २२, वीज-पाणी ७, पॅकिंग १६, आणि ॲपची सगळी वजावट ३३ हजार. बेरीज ३ लाख ९० हजार. उरले १३ हजार.

आता हे १३ हजार म्हणजे नफा नाही बरं का. मावशी आणि काका दोघं रोज बारा-बारा तास उभे असतात, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ६२४ तास. भागून बघा, तासाला २१ रुपयेही पडत नाहीत. लहान धंद्यात सगळ्यात जास्त लपलेला खर्च हाच असतो : मालकाचा स्वतःचा पगार. तो कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून धंदा "चालतोय" असं वाटत राहतं.

आधी मोठ्या डब्यात हात घाला

काकांचा सगळा राग गॅसवर होता. "कमर्शियल सिलिंडर परवडत नाही, बर्नर बदलू." मी म्हटलं, "काका, समजा तुम्ही गॅस दहा टक्के वाचवलात. किती वाचले? २२०० रुपये. आणि कच्च्या मालात पाचच टक्के वाचले तर? जवळजवळ दहा हजार."

संगणकशास्त्रात याला ॲमडालचा नियम म्हणतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडला. सोप्या भाषेत : जो भाग एकूण कामात छोटा आहे, तो कितीही सुधारला तरी एकूण फायदा छोटाच राहतो. म्हणून खर्चाची यादी मोठ्यापासून छोट्याकडे लावायची आणि वरून सुरुवात करायची. गॅस, लाइट बिल, कागदी पिशव्या यांच्यावर भांडायला सोपं असतं, कारण त्यांचं बिल डोळ्यांसमोर येतं. वाया गेलेल्या भाजीचं बिल कधीच येत नाही.

सात दिवस, एक वही, एक वजनकाटा

मग आम्ही दोन कामं केली.

पहिलं, एका ताटाला किती माल लागायला हवा ते काढलं. तीन पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. कणीक किती, तेल किती, भाजी निवडून किती उरते, सगळं वजन करून. मेथी मंडईतून एक किलो आणली तर पातेल्यात एक किलो जात नाही ना, देठं-मुळं बाजूला पडतात. ते धरून हिशोब केला. ताटामागे ४५ रुपये आले. महिन्याच्या सगळ्या विक्रीला या हिशोबाने माल लागायला हवा होता साधारण १ लाख ७८ हजारांचा. प्रत्यक्षात आला १ लाख ९५ हजारांचा. फरक १७ हजार. म्हणजे दोघांच्या हातात जेवढं उरत होतं, त्याहून जास्त पैसा कुठेतरी गळत होता.

मावशीला पहिला संशय आला चोरीचा. तिने कुणाचं नावही घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, "थांब, सात दिवस मोजू, मग बोल."

दुसरं काम म्हणजे ती वही. रात्री काय उरलं, किती उरलं, कुठल्या भाजीचं उरलं. आणि दुपारी चार वेळा, कुणालाही न सांगता, भरलेल्या भाजीच्या डबीचं वजन.

सात दिवसांनी चित्र स्पष्ट झालं. चोरी नव्हती. डाव होता! मावशी वाढायची तेव्हा डबीत १५० ग्रॅम भाजी जायची. गर्दीत डबेवाला मुलगा वाढायला उभा राहिला की २०० ग्रॅमच्या वर. त्याचा काही दोष नाही, त्याच्या हातात मोठा डाव होता आणि समोर रांग होती. फरकाचा साधारण निम्मा भाग इथेच जात होता. उरलेला बहुतेक भाग रात्रीच्या भाज्यांत. रोज सात भाज्या व्हायच्या आणि संध्याकाळचीही दुपारीच करून ठेवायचे. त्यातल्या दोन भाज्या जवळजवळ रोज उरायच्या.

उपाय अगदी साधे निघाले. १५० ग्रॅम भाजी बरोबर मावेल अशी स्टीलची वाटी, वाढायचं तिनेच. सातच्या पाच भाज्या. संध्याकाळची भाजी पाच वाजता, दुपारचा खप बघून. १७ हजारांची गळती ७ हजारांवर आली.

एक गोष्ट मात्र मावशीने बदलू दिली नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती एक पोळी जास्त घालते. वहीत ते महिन्याला ७०० रुपये निघाले. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "अगं, तो खर्च नाही, ती माझी जाहिरात आहे." मला पटलं. मोजायचं म्हणजे सगळं कापायचं असं नाही. किती जातंय हे माहीत असताना द्यायचं, एवढंच.

खडूचं वर्तुळ आणि तवा

आता या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे जनक ताइची ओहनो यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे आणि मॅनेजरला त्यात उभं करायचे. काही करायचं नाही, फक्त बघायचं. मी सुट्टी टाकून दोन दिवस दुपारी १२ ते २ केंद्राच्या कोपऱ्यात तशीच उभी राहिले. खडू नव्हता, पण पायाखालची फरशी ठरलेली होती.

काय दिसलं? भाजी तयार, भात तयार, आमटी तयार. पण रांग थांबलेली. कारण पोळ्या नाहीत. तीन तवे, तीन बायका, एका तव्यावर तासाला साधारण ६० पोळ्या. त्यापेक्षा वेग वाढणार नाही, आणि गरम पोळी हवी म्हणूनच तर लोक इथे येतात. त्या दोन तासांत रोज सरासरी १८ माणसं रांग बघून परत गेली. मी अक्षरशः रेघा मारून मोजलं.

म्हणजे या दुकानाची अडकण तवा आहे. एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' नावाचं १९८४ मधलं पुस्तक याच कल्पनेवर उभं आहे : साखळीत जिथे अडतं, तिथलाच वेग सगळ्या धंद्याचा वेग ठरवतो. मग प्रश्न बदलतो. "कुठल्या विक्रीत किती टक्के मार्जिन" हा प्रश्न मागे पडतो. "तव्यावरची एक जागा कुणाला दिली तर किती पैसे मिळतात" हा खरा प्रश्न होतो.

आता हिशोब बघा. काउंटरवर ताट १०० रुपयांचं. माल ४५, पॅकिंग ३. उरले ५२.

ॲपवर तेच ताट १२० ला. वरवर बघता जास्त! पण कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून गेले साधारण ३५. सवलतीतला आपला वाटा १५. चांगलं पॅकिंग ९. माल ४५. उरले १६.

पोळ्या दोन्हीकडे तीनच. म्हणजे साडेबारा वाजता काउंटरवरचा माणूस ५२ रुपये घेऊन परत जातोय आणि त्याच तीन पोळ्या १६ रुपयांसाठी ॲपच्या पिशवीत जातायत.

इथे लगेच "ॲप बंद करा" असं म्हणू नका. संध्याकाळी सात वाजता तवा रिकामा असतो, बायका बसलेल्या असतात, भाडं चालूच असतं. तेव्हा १६ रुपये हे निव्वळ १६ रुपये आहेत, का सोडायचे? म्हणून केलं काय, तर दुपारी १२ ते २ ॲप बंद, बाकी वेळ चालू. ॲपच्या ऑर्डरी जवळपास निम्म्या झाल्या, त्यात महिन्याला साधारण ५ हजार गेले. पण काउंटरवर दुपारी रोज १२ ताटं वाढली. १२ गुणिले ५२ गुणिले २६, म्हणजे १६ हजार. निव्वळ फायदा ११ हजारांचा. नवीन गिऱ्हाईक एकही शोधलं नाही, जाणारं थांबवलं फक्त.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मला हा भाग करायचा होता. केंद्र बंद करायचं नसेल तर पर्याय म्हणून काकांनी एक गोष्ट जवळजवळ ठरवली होती : पोळ्या करणाऱ्या तिघींपैकी एकीला कमी करायचं. पगार वाचला १५ हजार. कागदावर अगदी बरोबर दिसतं. पण तिचा तवा गेला तर दुपारच्या दोन तासांत १२० पोळ्या गेल्या, म्हणजे ४० ताटं. ५२ रुपयांनी दिवसाचे २०८०, महिन्याचे ५४ हजार. पंधरा वाचवायला गेलो असतो आणि चोपन्नपर्यंत घालवले असते. वर एका बाईचं घर बसलं असतं ते वेगळंच.

माणूस कमी करायच्या आधी तो माणूस अडकणीच्या जागी उभा आहे का, एवढं तरी बघा. पगाराच्या आकड्यावरून ते कळत नाही.

भाव वाढवणं : भीती आणि हिशोब

मासिक डब्याचा दर तीन वर्षं तोच होता. मावशीला भीती, की वाढवला तर लोक सोडून जातील. मी विचारलं, "किती गेले तर आपलं नुकसान होईल?" हे कधी मोजलंच नव्हतं.

२६०० चे २८०० केले. महिनाभर आधी सांगितलं, डब्यात चिठ्ठी टाकली. चाळीसपैकी तीन जण गेले. ३७ गुणिले २८०० म्हणजे १ लाख ३ हजार ६००. आधी होते १ लाख ४ हजार. विक्री जवळजवळ तेवढीच! पण तीन डब्यांचा माल वाचला, महिन्याला साडेतीन हजारांचा, आणि सकाळच्या पोळ्याही तेवढ्या कमी. खाड्यांचा नियमही लेखी केला : आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तरच खाडा धरणार. आधी लोक सकाळी दहाला सांगायचे, तोवर भाजी झालेली असायची.

विकलं, पण पैसे कुठे आहेत?

शेवटचा भाग उधारीचा. ऑफिसची रोजची ३० ताटं मावशीला फार अभिमानाची. पण पैसे यायचे अडीच-अडीच महिन्यांनी. म्हणजे साधारण दीड लाख रुपये कायम त्यांच्याकडे अडकलेले. आणि इकडे किराणावाल्याकडे आपली उधारी, म्हणून तो सांगेल तो भाव. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नफ्यातला धंदाही रोकड संपल्यामुळे बंद पडू शकतो.

इथे एक कायदा तुम्हाला माहीत हवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात बदल झाला : वेळेत न दिलेली अशी रक्कम खरेदीदार कंपनीला खर्च म्हणून दाखवता येते ती प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच. त्यामुळे कंपन्यांचे अकाउंट्सवाले आता याकडे लक्ष देतात.

यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. आणि आधीच करून ठेवा, वाद झाल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना उपयोगी पडत नाही.

आम्ही भांडायला गेलो नाही. आधी विचारलं, उशीर का होतो? उत्तर फारच साधं निघालं. काका महिनाअखेरीस हाताने लिहिलेलं बिल रिसेप्शनवर ठेवून यायचे. त्यावर ऑर्डर नंबर नसायचा, म्हणून ते अकाउंट्सच्या टेबलावर तसंच पडायचं. आता महिन्यातून दोन बिलं जातात, ईमेलने, ऑर्डर नंबर, उद्यम क्रमांक आणि "३० दिवसांत देय" असं लिहून. पैसे महिन्याभरात यायला लागले. किराणा रोखीने घेतो, त्यामुळे दोन दुकानांत भाव विचारता येतो.

शेवटी काय झालं?

तीन महिन्यांनी बेरीज केली. गळतीतून १० हजार, तव्याच्या वेळेतून ११ हजार, डब्यांतून साधारण ३ हजार. १३ चे ३७ हजार झाले. वाढीव भाडं ४ हजार गेलं, राहिले ३३ हजार. करार केला. सहाही जण कामावर आहेत.

आता खरं सांगायचं तर दोन माणसांच्या बारा तासांच्या कष्टाला ३३ हजार हेही कमीच आहेत. तासाला ५३ रुपये पडतात. हे मी मावशीला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. आता निदान कळतं तरी, काय केलं की काय होतं." पुढचा प्रश्न तिनेच काढलाय : तवा ही अडकण असेल तर चौथा तवा लावून दुपारी दोन तासांसाठी आणखी एक बाई ठेवली तर? परत जाणारी माणसं अजून आहेतच की. तो हिशोब ती स्वतः मांडतेय, वहीत.

तुमच्या घरच्या दुकानासाठी एवढंच करा. मोबाइलमधल्या यूपीआयच्या नोंदी, वाण्याची बिलं आणि बँकेचं पासबुक घेऊन एक रविवार बसा. मालकाचा पगार खर्चात धरा. विकण्याचे जेवढे मार्ग आहेत, त्या प्रत्येकात एका नगामागे किती उरतं ते काढा. सात दिवस वाया गेलेल्या मालाची वही ठेवा. गर्दीच्या वेळी दोन तास कोपऱ्यात उभं राहून काय अडतंय ते बघा. आणि येणं किती दिवसांनी येतं ते लिहा. यात कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, हे मी सॉफ्टवेअरवाली असून सांगतेय.

आणि हो, घरच्यांशी बोलताना "तुमचं चुकतंय" असं सुरू करू नका. ते वीस वर्षं ते दुकान चालवतायत. "मला जरा समजावून सांगा ना, हे कसं चालतं?" असं विचारा. अर्धी उत्तरं त्यांच्याकडेच असतात. मोजायला कुणी बसलेलं नसतं, एवढंच.

तुमच्या दुकानाची अडकण काय निघाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.